पाया पावसाआधी खणावा लागतो

वाशी, नेरूळ, ऐरोली या भागांत ज्यांनी इमारतींचे काम जवळून पाहिले आहे, त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. खाडीकाठची जमीन वरून कितीही सपाट आणि टणक दिसली, तरी तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. भरावाच्या मुरमाखाली काळी, चिकट, पाण्याने फुगलेली खाडीची माती असते आणि तिच्याही खाली, कुठे दहा मीटरवर तर कुठे त्याच्या दुप्पट खोलीवर, कातळ लागतो. रिग (भोक पाडणारे यंत्र) लावून तिथपर्यंत भोक पाडायचे, कातळातही थोडे आत शिरायचे, सळयांचा पिंजरा सोडून काँक्रीट भरायचे आणि मगच वर काय बांधायचे ते बांधायचे. साइट सुपरवायझर म्हणून मी तीस वर्षे हेच काम केले. पाइलिंगचे, म्हणजे असे काँक्रीटचे खांब (पाइल) जमिनीत घालण्याचे, महिने मालकाला फार जड जातात, कारण पैसा पाण्यासारखा जात असतो आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला दाखवण्यासारखे काहीच अजून वर आलेले नसते.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या ते सातव्या अध्यायांत प्रभू येशूचे डोंगरावरील प्रवचन आहे आणि ते दोन घरांच्या दाखल्याने संपते. एक घर खडकावर, दुसरे वाळूवर. दोन्हींवर तोच पाऊस, तेच पूर, तोच वारा. लूकने आपल्या शुभवर्तमानात हाच दाखला सांगताना एक तपशील जास्तीचा दिला आहे, जो आमच्या धंद्यातल्या माणसाच्या चटकन लक्षात येतो: त्या माणसाने खोल खणले आणि मग खडकावर पाया घातला. त्या देशातले ओढे उन्हाळ्यात कोरडे पडतात आणि काठची वाळू उन्हाने टणक होते, त्यामुळे तिच्यावर बांधणारा चुकला आहे हे पाऊस येईपर्यंत कोणाला कळत नाही. दाखल्यात आणखी एक गोष्ट आहे, जी उपदेशांत पुष्कळदा निसटते. दोन्ही माणसांनी प्रभूची वचने ऐकलेली आहेत. आजच्या भाषेत सांगायचे तर दोघेही दर रविवारी उपासनेला येणारे आहेत. एकाने ऐकून तसे केले, दुसऱ्याने ऐकून सोडून दिले, एवढाच फरक प्रभूने सांगितला. म्हणून विश्वासावर आयुष्य कसे उभारावे, हा प्रश्न मी स्वतःला नेहमी असा विचारतो: पाऊस नसताना मी काय करतो आहे?

मी धर्मशास्त्र शिकलेला नाही. नवी मुंबईतल्या एका मराठी मंडळीत (चर्चमध्ये) मी वडील, म्हणजे मंडळीचा ज्येष्ठ सेवक, म्हणून सेवा करतो, आणि पुढे जे लिहिले आहे ते स्वतः करून, चुकून आणि पुन्हा करून पाहिलेले आहे.

आधी माती तपासावी

आपण आज नेमके कशावर उभे आहोत, हे शोधणे हे पहिले काम आहे, आणि ते वाटते त्यापेक्षा कठीण आहे, कारण आपण देवावर उभे आहोत असे उत्तर तोंडपाठ असते. मला ते उत्तर चुकीचे असल्याचे २००८ च्या मंदीनंतर समजले. त्या वेळी आम्ही कळव्याला राहत होतो आणि ठाण्यातल्या मंडळीत जात होतो. मी ज्या साइटवर होतो ती बंद पडली आणि माझी नोकरी गेली. हे मी कोणालाही सांगितले नाही. सकाळी पावणेआठला नेहमीप्रमाणे डबा घेऊन निघायचो, ठाण्याला उतरून तलावपाळीच्या बाकावर जाऊन बसायचो आणि संध्याकाळी घरी यायचो. रविवारी पुढच्या बाकावर बसून विश्वासाविषयी प्रार्थना करायचो. मंडळीत कळू नये म्हणून दशांशसुद्धा (मिळकतीचा दहावा भाग) भविष्य निर्वाह निधीच्या पैशांतून देत राहिलो, आणि त्याला मी विश्वास समजत होतो.

सहाव्या आठवड्यात एका दुपारी आमचे पाळकसाहेब, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, माझ्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, ‘सलाम. तुम्ही इथे बसता हे मला पंधरा दिवसांपासून ठाऊक आहे. तुम्ही सांगाल म्हणून वाट पाहत होतो.’ त्यांनी वचन वाचून दाखवले नाही. डब्यातली भाजी कशाची आहे ते विचारले आणि अर्धी पोळी खाल्ली. त्या संध्याकाळी मी घरी सांगितले. पत्नीला नोकरी गेल्याचे दुःख थोडे झाले, सहा आठवडे मी खोटे बोललो याचे फार झाले. माझे घर कशावर उभे होते, ते मला तेव्हा दिसले: चांगल्या नोकरीचा, मंडळीतला जबाबदार माणूस या नावावर.

त्यावरून माती तपासण्याची एक साधी रीत मी शिकलो. शांत बसून कागदावर उत्तर लिहावे: कोणती गोष्ट उद्या गेली, तर ती मी लोकांपासून लपवीन? पगार, मुलांचे गुण, परदेशातल्या जावयाची नोकरी, निरोगी शरीर, मंडळीतले पद, जे उत्तर येईल त्यावर आपल्या घराचा भार आहे. ते फेकून द्यायचे नसते. भार मात्र तिथून काढून खाली, कातळापर्यंत न्यायचा असतो.

एक माती विशेष फसवी असते, कारण तिला विश्वासाचाच वास येतो. मी देवाचा आहे म्हणून माझे वाईट होणार नाही, आणि झाले तर माझेच काही पाप असणार, ही ती समजूत. प्रभूने ती स्पष्ट शब्दांत नाकारली आहे. शिलोहातला बुरूज पडून १८ माणसे मेली, तेव्हा ती यरुशलेमातल्या इतरांपेक्षा अधिक अपराधी होती काय, असे त्याने विचारले आणि स्वतःच नाही म्हणून सांगितले (लूक १३). जन्मांध माणसाविषयीही शिष्यांनी कोणाचे पाप असे विचारले, तेव्हा ना याचे ना याच्या आईबापांचे, असे उत्तर मिळाले (योहान ९). २०१३ च्या एप्रिलमध्ये मुंब्र्याजवळ शीळ फाटा परिसरात बांधकाम सुरू असलेली इमारत कोसळून ७४ माणसे गेली. त्यांत मजूर होते, लहान मुले होती. त्या आठवड्यात जर कोणी देवाच्या न्यायाचा उपदेश केला असेल, तर त्याने शुभवर्तमानातला तो बुरूज वाचलेला नव्हता. इतके द्या म्हणजे देव तितके परत देईल, असा हिशेब सांगणाऱ्या सभाही मी याच मातीत धरतो. पेत्र, पौल आणि याकोब यांच्या पत्रांत दुःख येणार हे गृहीत धरलेले आहे.

रोजचे खणणे

डोंगरावरील प्रवचन १११ वचनांचे आहे आणि मोठ्याने वाचले तरी पंधरा-वीस मिनिटांत संपते. ठाण्याहून वाशीला जाणाऱ्या लोकलला साधारण अर्धा तास लागतो. बसायला जागा मिळाली तर मनातल्या मनात पूर्ण वाचून थोडा वेळ उरतो. आरंभ इथून करावा. आठवडाभर रोज तेच तीन अध्याय वाचावेत आणि दुसऱ्या आठवड्यापासून त्यांतली एकच आज्ञा उचलून ती सात दिवस पाळावी. भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे हे आठवले, तर अर्पण वेदीपाशी ठेवून आधी समेट करावा, असे पाचव्या अध्यायात आहे. ज्याच्याशी सोसायटीच्या पार्किंगवरून दोन वर्षे बोलणे नाही, त्याचे दार त्या आठवड्यात वाजवावे. आपले होय ते होय असावे, ही आज्ञा घेतली तर त्या आठवड्यात साहेबांना ‘ट्रेनमध्ये आहे’ असे अंथरुणातून सांगायचे नाही. उद्याची चिंता करू नये, ही आज्ञा मला आजही सर्वांत अवघड वाटते. ती पाळायला घेतली की मी रात्री दहानंतर बँकेचे ॲप उघडत नाही, एवढ्यावरच माझी प्रगती थांबलेली आहे.

हे फार क्षुल्लक वाटेल. परंतु संकटात मोठी आज्ञा पाळण्याचे बळ अचानक उगवत नाही. ज्याने शेजाऱ्याला क्षमा करण्याचा सराव केलेला नाही, त्याच्याकडून भाऊबंदकीत जमीन गेल्यावर क्षमेची अपेक्षा ठेवणे म्हणजे मुरमावर सात मजले चढवणे होय.

प्रार्थनेसाठी जागा आणि वेळ ठरलेली असावी. वन बीएचकेच्या घरात प्रार्थनेची खोली कुठून आणायची, असे लोक विचारतात; आमच्या घरी ती स्वयंपाकघराचा ओटा आहे, सकाळी पाणी यायच्या आधीची पंधरा मिनिटे. त्यात पवित्र शास्त्राच्या स्तोत्रसंहितेतले एक स्तोत्र वाचावे. स्तोत्रे १५० आहेत; रोज पाच वाचली तर महिन्यात पूर्ण होतात, एकच वाचले तर पाच महिन्यांत, आणि घाई कोणालाच नाही.

त्यांतली काही पाठ करावीत, हे मी आग्रहाने सांगतो. २३, ४६, १२१ आणि १३० ही चार पुरेशी आहेत, आणि ती मराठीत पाठ करावीत. मुले इंग्रजी माध्यमात शिकत असली तरी घाबरलेल्या माणसाच्या ओठांवर जी भाषा येते ती घरातली असते. अतिदक्षता विभागाच्या बाहेरच्या खुर्चीवर रात्री तीन वाजता चष्मा सापडत नाही, मोबाइलची बॅटरी संपलेली असते आणि स्वतःचे शब्द तर केव्हाच संपलेले असतात. त्या वेळी जे आधीच आत उतरलेले आहे तेवढेच कामाला येते.

विलाप शिकून घ्यावा

आपल्या मराठी मंडळ्यांत साक्ष देण्याची चांगली प्रथा आहे, पण साक्ष बहुधा संकट संपल्यावर दिली जाते. ज्याचे संकट संपलेले नाही, त्याला उभे राहून बोलायला जागाच नसते, आणि मग तो येणे बंद करतो. पवित्र शास्त्रात मात्र ती जागा प्रशस्त आहे. स्तोत्रसंहितेचा मोठा भाग तक्रारीचा आहे. तेरावे स्तोत्र, किती काळ, असे परमेश्वराला पुन्हा पुन्हा विचारते. अठ्ठ्याऐंशीवे तर अंधारातच संपते, शेवटी स्तुतीची एक ओळही नाही, आणि तरीही ते काढून टाकलेले नाही. प्रभूने वधस्तंभावर बाविसाव्या स्तोत्राचीच पहिली आर्त ओळ उच्चारली.

नवी मुंबईची आखणी करताना सिडकोने खाडीकाठाला मोठे धारण तलाव ठेवले. भरतीच्या वेळी त्यांच्या झडपा बंद होतात, म्हणजे खाडीचे पाणी शहरात येत नाही. तेवढा वेळ पावसाचे पाणी तलावात साचते आणि ओहोटी लागली की झडपा उघडून ते बाहेर जाते. विलाप हा असाच तलाव आहे. भरती असताना पाणी बाहेर काढता येत नाही, पण ते घरात शिरू नये म्हणून साठवायला जागा असावी लागते.

विलापाची प्रार्थना लिहून काढावी, बोलण्यापेक्षा ते सोपे जाते. आधी देवाला हाक मारावी, कारण तक्रार त्याच्यापाशी आहे, त्याच्याविषयी शेजाऱ्यापाशी नाही. मग जे झाले ते गोड न करता सांगावे. मग काय हवे ते मागावे, स्पष्ट मागावे. आणि शेवटी, अजूनही कशावर भरवसा उरला आहे ते एका वाक्यात लिहावे. काहीच उरले नसेल तर तसे लिहून थांबावे, कारण अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्रही तिथेच थांबते. पौलाने शरीरातला काटा काढून टाकावा म्हणून तीनदा विनंती केली आणि तो काढला गेला नाही, त्याला कृपा पुरे आहे असे उत्तर मिळाले (करिंथकरांस दुसरे पत्र, १२). प्रार्थना ऐकली गेली आणि मागितलेले मिळाले नाही, असे दोन्ही एकाच वेळी घडू शकते, हे त्या अध्यायातून आधीच शिकून ठेवावे.

पंडिता रमाबाईंचे आयुष्य या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. आईवडील आणि थोरली बहीण दुष्काळात गेली, १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती गेले, आणि १९२१ मध्ये एकुलती एक कन्या मनोरमा गेली. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्या मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सामान्य बायकांना समजेल अशा सोप्या मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर करीत होत्या. मुलगी गेल्यानंतरही ते काम थांबले नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्यांचे निधन झाले, तोपर्यंत ते त्यांच्या हातात होते. दुःख संपल्यावर कामाला लागू, असे त्या म्हणत बसल्या असत्या तर त्या आयुष्यात कामाला एकही दिवस मिळाला नसता.

मंडळी ही आधीची सोय आहे

एकट्याने घातलेला पाया हा अर्धाच पाया असतो. एका पाइलवर मोठा कॉलम सहसा ठेवत नाहीत. दोन, तीन, चार पाइल एकत्र घेऊन त्यांवर एक कॅप, म्हणजे काँक्रीटचा जाड ठोकळा, ओततात आणि कॉलम त्या कॅपवर येतो. या शहरात बहुतेक ख्रिस्ती कुटुंबे बाहेरून आलेली आहेत. कोणी अहमदनगर किंवा जालन्याहून, कोणी कोकणातून आले आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत लागले. नाताळला गावी जायचे, सभासदत्व गावच्या मंडळीत आणि इथे केवळ रविवारची हजेरी, असे वर्षानुवर्षे चालते. सभासदत्वाचे पत्र इथल्या मंडळीत आणावे, हा माझा पहिला व्यावहारिक सल्ला आहे. दफनभूमीत जागेची आणि कागदपत्रांची काय रीत आहे, हेही पाळकसाहेबांकडून धडधाकट असताना विचारून घ्यावे. अमंगळ म्हणून हा विषय टाळतात आणि मग मयताच्या दिवशी थोरला मुलगा तीन कार्यालयांच्या पायऱ्या चढत असतो.

आठवड्यातली एक घरगुती प्रार्थनासभा धरून ठेवावी. आठ-दहा माणसे, गाणे, वचन, चहा, एवढे पुरते. रात्री दोन वाजता फोन केला तर उचलतील अशी तीन नावे आपल्याजवळ आहेत का, याचा विचार करावा, आणि नसतील तर ती मिळवण्याचा मार्ग म्हणजे दुसऱ्या कोणाच्या यादीत आधी स्वतः जाणे. रक्त द्यावे, रुग्णालयात रात्रीची पाळी घ्यावी, विम्याचे कागद भरून द्यावेत, डबा पोहोचवावा. पवित्र शास्त्रातल्या दुःखी ईयोबाचे मित्र पुढे पुष्कळ चुकीचे बोलले, पण त्यांनी पहिले सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून एक शब्दही काढला नाही, तेवढे मात्र त्यांनी अगदी बरोबर केले. भेटायला जाताना तेवढेच करावे.

पैसा आणि औषध यांविषयी थोडक्यात. योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा साठवायला लावला, म्हणून आरोग्य विमा काढणे किंवा सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवणे यात अविश्वास नाही. घराचा हप्ता पगाराच्या निम्म्यावर नेणे, हे मात्र वाळूवर बांधणे आहे. लूक स्वतः वैद्य होता. प्रार्थना झाली, आता गोळ्या बंद करा, असे जो कोणी सांगेल त्याचे ऐकू नये, मग तो व्यासपीठावरून का सांगेना.

पाऊस सुरू झाल्यावर

त्या दिवसांत नवे काही शिकायला जाऊ नये. संदेष्टा एलीया थकून रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, आणि पुन्हा उठवून खायला दिले (१ राजे १९). म्हणून आधी जेवण आणि झोप. मग पाळकांना आणि त्या तीन माणसांना खरे सांगणे. पाठ असलेले एक स्तोत्र सकाळी आणि एक रात्री म्हणावे. अर्थ मनाला भिडला नाही तरी म्हणावे. घर विकणे, नोकरी सोडणे, नाते तोडणे असे निर्णय शक्यतो काही महिने पुढे ढकलावेत. प्रभुभोजनाला जावे, आपल्याला काही वाटत नसले तरी जावे, कारण भाकरी हातात घ्यायला भावना लागत नाही. स्वतः प्रार्थना करता येत नसेल तर दुसऱ्याला आपल्यासाठी करू द्यावी आणि गप्प बसावे. जगणे नको असे मनात वारंवार येत असेल, तर मंडळीसोबत डॉक्टरही हवा. शासनाची टेलीमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते आणि तिथे मराठीतही बोलता येते.

दर वर्षी मे महिन्यात

पावसाळ्यापूर्वी ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिका धोकादायक इमारतींची यादी प्रसिद्ध करतात, आणि ३० वर्षांहून जुन्या सोसायट्यांना संरचनात्मक तपासणी करून घ्यावी लागते. तपासणारा हातोडीने ठोकून आवाज ऐकतो, कारण गिलावा नीट दिसत असला तरी आतली सळई गंजलेली असू शकते. त्याच महिन्यात मी आणि पत्नी ओट्यापाशी बसून काही प्रश्नांची उत्तरे लिहितो. डोंगरावरील प्रवचनातली कोणती आज्ञा या वर्षी एकदाही पाळली नाही? कोणाशी बोलणे बंद आहे? एकमेकांपासून काय लपवले आहे? कोणती स्तोत्रे विसरत चाललो? विम्याचा हप्ता भरला का? आणि गेल्या वर्षभरात रात्री-अपरात्री आपल्याला कोणी फोन केला का? मागच्या वर्षी या शेवटच्या प्रश्नापुढे एकही नाव लिहिता आले नाही, म्हणून आता बुधवारची प्रार्थनासभा आमच्या घरी भरते, आणि उशिरापर्यंत बसलेल्यांना पत्नी जेवल्याशिवाय जाऊ देत नाही.